दहा नाणी आणि एक तबक : पेकिंग ऑपेराचा नट घडतो कसा?

टेबलावर दहा जुनी नाणी एकावर एक रचलेली. शेजारी लाखेचं रिकामं तबक. मास्तर खुर्चीवर बसलेत, हाताशी लाकडी पट्टी आहे. समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा ताठ उभा. एक पद सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून झालं, की मास्तर चळतीतलं एक नाणं उचलून तबकात टाकणार. दहाही नाणी तबकात गेली की ती परत टेबलावर येणार, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. सहा-सात वेळा म्हटलं की मुलाला ते पद येतच असे, तरी वीस-तीस आवर्तनं झाल्याशिवाय सुटका नाही. कधी गाता गाताच त्याला डुलकी लागे. पट्टी हाताशी असूनही मास्तर मारत नसत, हलकेच ढकलून जागं करत.

हा मुलगा म्हणजे मेइ लानफांग. जन्म २२ ऑक्टोबर १८९४, बीजिंग. पुढं अर्धशतक त्याच्या स्त्रीभूमिकांनी चीनला वेड लावलं, आणि आजही पेकिंग ऑपेराचं नाव निघालं की पहिलं नाव त्याचंच येतं. चिनी नाटकातला नट घडतो कसा, त्याला नेमकं काय शिकावं लागतं आणि त्याचं आयुष्य कसल्या कसल्या वळणांनी जातं, हे समजून घ्यायचं तर या एका माणसाचा हात धरून जाणं सगळ्यात सोपं.

मुलगा नटाच्याच घरातला. आजोबा मेइ च्याओलिंग हे त्यांच्या काळातले नामांकित स्त्रीपार्टी नट आणि एका मोठ्या नाटक मंडळीचे प्रमुख. वडील नट, पण ते तरुणपणीच गेले. काका मेइ यूत्येन जिंगहू वाजवत. जिंगहू म्हणजे बांबूचं, दोन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. आपल्याकडच्या सारंगीसारखं ते गायकाच्या गळ्याला चिकटून चालतं. घराला एवढी परंपरा, पण पैसा ओसरलेला. राहतं घरही विकावं लागलं होतं.

आणि मुलगा? दिसायला साधा, बुजरा. पापण्या किंचित उतरलेल्या, नजर अधू, बुबुळं जड. घरी शिकवायला आलेल्या पहिल्या मास्तरांनी चार सोप्या ओळी सांगितल्या. पुन्हा पुन्हा सांगूनही त्या येईनात. मास्तर वैतागले. या धंद्याच्या देवानं तुझ्या वाट्याला हा घास वाढलेलाच नाही, असं म्हणून ते शिकवणी सोडून निघून गेले.

मग आले वू लिंगश्येन. नाणी मोजणारे मास्तर ते हेच. एवढी माया त्यांना या मुलाबद्दल का, याचं उत्तर एका जुन्या प्रसंगात आहे. वू तरुण असताना त्यांच्या घरी अचानक मोठी अडचण आली होती. आजोबा मेइ च्याओलिंग यांना ते कळलं. त्यांनी रस्त्यात लांबूनच कागदाची एक पुडी वू यांच्याकडे फेकली आणि म्हणाले, "लिंगश्येन, घे, सुपारी खा!" पुडी उघडली तर आत पैशाची हुंडी. चारचौघांत देणं नको, घेणाऱ्याला लाज नको, म्हणून ही सुपारी. त्या सुपारीची परतफेड वू यांनी नातवाला घडवून केली. मला तर वाटतं, पेकिंग ऑपेराच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं दान.

आता थोडं मागं जाऊन मुळात हा प्रकार काय आहे ते पाहू.

'ऑपेरा' हा शब्द युरोपीय लोकांनी लावलेला. चिनी शब्द आहे 'शीछू', म्हणजे नाट्य आणि गीत एकत्र. चीनमध्ये याचे शेकडो प्रादेशिक प्रकार आहेत, प्रत्येकाची बोली वेगळी, चाली वेगळ्या. त्यातला बीजिंगमध्ये फुललेला प्रकार म्हणजे 'जिंगजू', राजधानीचं नाटक. त्याची सुरुवात १७९० पासून मोजतात. त्या वर्षी छ्येनलोंग बादशहाच्या ८० व्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी आन्हुई प्रांतातली नाटक मंडळी राजधानीत आली आणि तिथंच रमली. पुढं हूबेई प्रांतातले नट आले, त्यांच्या चाली यांच्यात मिसळल्या, आणि १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत एक नवाच प्रकार उभा राहिला.

यात नटाला चार गोष्टी याव्या लागतात: गाणं, पठण, अभिनय आणि लढाई. लढाई म्हणजे नुसती तलवार फिरवणं नव्हे, तर कोलांट्या, उड्या, भाल्यांची फेकाफेक. या चारांतली एकच उत्तम असून चालत नाही. आपल्याकडे संगीत नाटकातला गायक नट, लावणीतली अदाकारी, दशावतारातलं युद्ध आणि मल्लखांबाचं अंग हे सगळं एकाच माणसाकडून मागितलं तर काय होईल, त्याची कल्पना करा.

संगीताची रचना आपल्याला चटकन कळण्यासारखी आहे. मुख्य चालींची दोन कुटुंबं: शीपी आणि अरह्वांग. शीपी मोकळी, उमदी, तर अरह्वांग गंभीर, दुःखाकडे झुकणारी. प्रत्येक कुटुंबातली मूळ चाल एकच, पण ती संथ लयीत, मध्यम लयीत, जलद लयीत किंवा ताल सोडून मोकळी अशी वेगवेगळ्या रूपांत येते. विलंबितातून द्रुतात जाताना एकच बंदिश कशी वेगळं बोलू लागते, हे ज्याने ऐकलंय त्याला वेगळं समजवायला नको. संगीतकार नवी चाल बांधून देत नसे. नट आणि त्याचा जिंगहूवादक मिळून त्या ठरलेल्या साच्यात प्रसंगाला साजेसं गाणं बसवत. आणि या साऱ्याचा खरा सूत्रधार असतो ढोलकवाला. त्याच्या काठीच्या इशाऱ्यावर झांजा वाजतात, पावलं पडतात, नजर वळते.

रंगमंच जवळजवळ रिकामा. एक टेबल, दोन खुर्च्या. तेच टेबल कधी डोंगर, कधी किल्ल्याची भिंत. हातात गोंड्यांचा चाबूक आला की नट घोड्यावर आहे. रंगमंचाला एक गोल फेरी मारली की शेकडो कोस प्रवास झाला. दार नाही, पण ते उघडायचं, उंबरठा ओलांडायचा, दार लावायचं. आणि दहा मिनिटांनी परत येताना दार त्याच जागी असलं पाहिजे. हे सगळं प्रेक्षकालाही माहीत असतं. म्हणून मी याला भाषा म्हणेन. नट आधी ती भाषा शिकतो, वर्षानुवर्षं घोटतो, आणि मग कधीतरी त्या भाषेत स्वतःचं काही बोलू लागतो. भावना आधी आणि हालचाल नंतर, हा आपल्या ओळखीचा क्रम इथं उलटा आहे.

या भाषेत प्रत्येक नट एकच बोली बोलतो. पात्रांचे चार मोठे वर्ग: शंग म्हणजे पुरुष, दान म्हणजे स्त्री, जिंग म्हणजे रंगवलेल्या चेहऱ्याचे सेनापती, न्यायाधीश, खलनायक वगैरे, आणि छौ म्हणजे नाकावर पांढरा ठिपका असलेला विदूषक. लहानपणीच मुलाचा आवाज, चण, चेहरा पाहून त्याचा वर्ग ठरे आणि सहसा तो जन्मभर बदलत नसे. विदूषकाचा एक मान मला फार आवडतो: रंगपटात त्यानं तोंडाला पहिला रंग लावल्याशिवाय बाकीच्यांनी लावायचा नाही, अशी जुनी प्रथा. तांग वंशाचा सम्राट श्वानझोंग स्वतः विदूषकाचं काम करी, अशी नटांची श्रद्धा. त्याच सम्राटाने ८ व्या शतकात राजवाड्यातल्या नासपतीच्या बागेत कलाकार शिकवले, म्हणून आजही चिनी नट 'नासपतीच्या बागेतले शिष्य' म्हणवतात.

मेइ लानफांगच्या वाट्याला आला दान वर्ग. मुलगा असून स्त्रीभूमिका का, हा प्रश्न मराठी वाचकाला फारसा पडणार नाही. चिंग राजवटीनं १८ व्या शतकात राजधानीत स्त्रियांना रंगमंचावर यायला बंदी केली आणि ती राजवट संपेपर्यंत तिथल्या सगळ्या राण्या, दासी, सेनानी, म्हाताऱ्या पुरुषांनीच उभ्या केल्या. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, मेइ लानफांगचा १८९४ चा. १९१३ मध्ये इकडे गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिकडे मेइ शांघाय जिंकून आले. दोन देशांतले दोन पुरुष एकाच काळात, एकमेकांना न पाहता, आपापल्या समाजाला स्त्रीचं एक आदर्श रूप घडवून देत होते. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू पाहणाऱ्याला आपल्या घरातली, ओळखीची स्त्री दिसे. दान नटाची स्त्री घरात कुठंच नसते. तिचं चालणं, बोटांची ठेवण, नाजूक पातळ आवाज हे सगळं त्या रंगमंचाच्या व्याकरणातलं. दाढीवाला शंग नट आपल्या खऱ्या आवाजात गातो, तर तरुण दान चढ्या, खोट्या आवाजात. म्हणूनच मुलाचा आवाज फुटायचं वय आलं की घरोघर धास्ती असे. आवाज परत आला तर नट, नाही तर वादक, मास्तर किंवा रंगपटातली कामं.

तर ही शिकवण अंगात मुरते कशी?

पहिला पाठ पायांचा. त्या काळी दान नटाला 'छ्याओ' घालून चालावं लागे. हे लाकडी तुकडे पायाला बांधले की माणूस चवड्याच्या टोकावर उभा राही आणि स्त्रियांच्या बांधलेल्या पावलांचा भास होई. लांब बाकावर एक वीट, विटेवर छ्याओ बांधून मुलगा उभा, आणि एक उदबत्ती जळून संपेपर्यंत उतरायचं नाही. हिवाळ्यात बर्फावर तेच बांधून पळायचं. पडणार, लागणार, पुन्हा उठणार. मेइ यांनी पुढं म्हातारपणी लिहिलं, की साठीतही राणी यांग ग्वेफेइ किंवा वीर स्त्री मू ग्वेयिंगसारख्या भूमिका झेपतात त्या लहानपणच्या या कष्टांमुळे. मोठेपणी मात्र त्यांनी रंगमंचावर छ्याओ वापरले नाहीत.

मग डोळे. अधू, उतरलेल्या डोळ्यांचा नट म्हणजे निम्मा नट, कारण दानचं निम्मं बोलणं नजरेनं. सतराव्या वर्षाच्या सुमारास मेइ यांना कबुतरांचा नाद लागला. पहाटे उठायचं, खुराडी साफ करायची, दाणापाणी द्यायचं आणि लांब बांबू हलवून थवा उडवायचा. बांबूला लाल कापड बांधलं की वर जा, हिरवं बांधलं की खाली या. आकाशात दुसऱ्यांचेही थवे असत. त्यात आपलं कबुतर कुठलं हे इतक्या लांबून ओळखायचं, नजर त्याच्याबरोबर वर, लांब, आणखी लांब न्यायची. सुरुवातीला काही जोड्या होत्या, वाढत वाढत दीडशे झाल्या. दहा वर्षं हे चाललं. त्यांचे डोळे टवटवीत झाले ते यातून, असं ते स्वतः सांगत. शिवाय रोज तो जड बांबू फिरवून खांदे असे तयार झाले, की पुढं भरजरी पोशाखाचं ओझं वाटेना.

रंगभूषेचंही असंच. कपाळाभोवती पट्टी इतकी करकचून आवळतात की डोळ्यांचे कोपरे वर ओढले जातात. नवशिक्याला यानं गरगरतं, उलट्या होतात. मग भिजवलेल्या लाकडाच्या चिकट पाण्यानं केसांच्या पट्ट्या गालांवर चिकटवायच्या, म्हणजे रुंद चेहराही अंडाकृती दिसतो. हातांवरून लोंबणाऱ्या पांढऱ्या रेशमी बाह्यांना 'जलबाहू' म्हणतात. त्या उडवायच्या, झेलायच्या, दुमडायच्या शेकडो तऱ्हा. राग, लाज, निराशा सगळं त्या दोन हात लांब कापडातून.

वयाच्या दहाव्या वर्षी, १९०४ मध्ये, मेइ पहिल्यांदा रंगमंचावर आले. प्रसंग होता विणकर कन्या आणि गुराख्याच्या वार्षिक भेटीच्या सणाचा, आणि भूमिकाही त्या विणकर कन्येची. मुलगा इतका लहान, की त्याला उचलून खुर्चीवर ठेवावं लागलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. या मुलांचं जग फक्त रियाजाचं नव्हतं. कायद्यानं नट हलक्या दर्जाचे. त्यांच्या मुलांना सरकारी परीक्षेलाही बसता येत नसे. कोवळ्या दान मुलांना श्रीमंतांच्या मैफलींत दारू ओतायला, सोबत करायला बोलावलं जाई. हा प्रकार १९१२ मध्ये बंद झाला. गरीब घरांतली मुलं तर करारावर मास्तरांकडे टाकलेली असत: सात वर्षं किंवा जास्त, खाणं-पिणं मास्तरांचं, कमाईही मास्तरांचीच, आणि मार किती खायचा याला मोजमाप नाही. मेइ यांच्यानंतरचा थोर दान नट छंग येनछ्यू अशाच करारातला. गरिबीनं पिचलेल्या आईनं त्याला सोपवलं होतं, आणि एका कवी रसिकानं पैसे भरून त्याला सोडवलं. वू मास्तरांची न उठलेली पट्टी हा त्या काळातला अपवाद होता. मेइ लानफांगच्या यशाची गोष्ट सांगताना त्या पट्टीखाली मोडलेल्या, नाव न उरलेल्या मुलांची आठवण मला येतेच.

१९१३. मेइ १९ वर्षांचे. ज्येष्ठ नट वांग फंगछिंग यांच्याबरोबर शांघायला पहिल्यांदा गेले. शांघायचा प्रेक्षक बंदरातला, चोखंदळ, नव्याचा भुकेला. शेवटचा खेळ हा सगळ्यात मानाचा, आणि तो वांग यांचा हक्क. त्यांनी आग्रह धरला की एक रात्र तो मान या पोराला द्या. मेइ यांनी घाईघाईनं तलवारबाजीची एक नवी भूमिका बसवली आणि नाट्यगृह डोक्यावर घेतलं गेलं. ज्येष्ठानं स्वतःची जागा रिकामी करून देणं, हे कुठल्याही नाटक कंपनीत किती दुर्मिळ असतं ते जाणकारांना ठाऊक आहे.

शांघायहून परतल्यावर त्यांच्या आयुष्यात छी रूशान आले. हे युरोप पाहून आलेले विद्वान. 'फन नदीच्या वळणावर' या नाटकात १८ वर्षांनी घरी परतलेला नवरा बंद दाराबाहेर उभा राहून आपली सगळी कहाणी गातो, आणि आत बायको बसलेली असते. परंपरेप्रमाणे ती पाठ फिरवून स्तब्ध बसे; गाणं त्याचं, तिचं काय काम? छी यांनी मेइ यांना लांबलचक पत्र लिहिलं. अठरा वर्षं जिची वाट पाहण्यात गेली ती बाई हे ऐकून दगडासारखी बसेल का? तो खरंच आपलाच माणूस आहे की कुणी भामटा, हे ती प्रत्येक ओळीला ताडून पाहील ना? पुढच्या प्रयोगाला छी जाऊन बसले, तर मेइ यांनी पत्रातलं सगळं रंगमंचावर उतरवलेलं. ज्याची ओळख नाही अशा माणसाचं पत्र, आणि गाजत असलेला नट ते मुकाट्यानं अमलात आणतो! मग छी लिहीत गेले, मेइ करत गेले. शंभराहून जास्त पत्रं झाली.

या पत्राचं महत्त्व कळायला एक गोष्ट माहीत हवी. बीजिंगचा जुना रसिक नाटक 'बघायला' जात नसे, 'ऐकायला' जात असे. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून. आपल्या संगीत नाटकांच्या रात्री आठवा. सोज्वळ स्त्रीची भूमिका करणारा नट पोटावर हात धरून उभा राही आणि गाई, बस. चंचल तरुणीची भूमिका वेगळा नट करी, त्यात अभिनय भरपूर, गाणं कमी. वांग याओछिंग या थोर नटानं या दोन्हींतली भिंत पाडायला घेतली होती; मेइ यांनी ते काम पुरं केलं. त्यांच्या स्त्रिया गाऊ लागल्या, नाचू लागल्या, विचार करताना दिसू लागल्या. चंद्रावर उडून जाणारी छांगअ, फुलं उधळणारी देवकन्या, प्रियकराच्या पराभवाच्या रात्री तलवारींचं नृत्य करून मरण पत्करणारी यू ची: ही सगळी १९१५ ते १९२२ मधली.

पण त्यांचं मोठेपण मला नव्या नाटकांपेक्षा जुन्याची दुरुस्ती करण्यात जास्त दिसतं. 'मद्यधुंद राणी' हे नाटक घ्या. सम्राट येणार म्हणून यांग ग्वेफेइ वाट पाहते, तो दुसऱ्या राणीकडे जातो, आणि ही एकटीच पीत बसते. गोष्ट एवढीच. जुन्या प्रयोगांत त्यात बराच चावटपणा होता. त्यात 'पहुडलेला मासा' नावाची एक हालचाल आहे: पाय तिढा घालून, शरीर पिळत पिळत, हळूहळू जमिनीपर्यंत जायचं. अवघड, टाळ्या घेणारी, आणि पूर्णपणे निरर्थक. मेइ हाँगकाँगला राहत असताना एकदा बागेत वाकून फुलाचा वास घेत होते. मित्र म्हणाला, तुम्ही आत्ता अगदी त्या माशासारखे दिसताय. झालं! त्या दिवसापासून राणी खाली जाते ती फुलाचा वास घ्यायला. रंगमंचावर फूल नाहीच, पण एक बाई आपला अपमान विसरण्यासाठी फुलाशी बोलायला वाकली आहे हे शेवटच्या रांगेला कळतं. हालचाल तीच, इंचभर बदल नाही. आत माणूस आला.

त्यांचं सगळ्यात आवडतं नाटक मात्र कमी झगमगाटाचं. त्यात एका कपटी मंत्र्याची मुलगी सम्राटाच्या जनानखान्यात जायचं टाळण्यासाठी वेडाचं सोंग घेते. ही युक्ती तिला सुचवते मुकी दासी, खुणांनी. आता नटाचं काम बघा. बापाकडे तोंड केलं की वेड. दासीकडे वळली की शुद्धीवर आलेली, घाबरलेली मुलगी. आणि या दोन्हींच्या मध्ये क्षणभर बापाच्याच अंगावर हे सोंग करावं लागतंय याचं दुःख. पुरुष नट स्त्री झाला आहे, ती स्त्री वेडी झाली आहे, आणि वेडाखालची शहाणी बाई आपल्याला दिसली पाहिजे. मेइ हे नाटक तरुणपणापासून शेवटपर्यंत करत राहिले, दर वेळी काही पुसत, काही नवं घालत. आज त्यांच्या शैलीला 'मेइ घराणं' म्हणतात. इतर मोठ्या दान नटांचीही अशीच घराणी आहेत. आवाजाचा लगाव, लय, चालण्याची ढब यावरून जाणकार क्षणात घराणं ओळखतो.

१९१९ मध्ये जपान, १९३० मध्ये अमेरिका, १९३५ मध्ये सोव्हिएत रशिया असे त्यांचे दौरे झाले. अमेरिकेच्या दौऱ्यात नाटकाचे जाणकार प्राध्यापक झांग पंगछुन यांनी खेळ नीट कापून दिले: छोटे प्रवेश, हालचाल जास्त, दोन तासांत सगळं संपेल असे. (हेच झांग पुढं मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या समितीत होते.) चीनमधल्या नाट्यगृहात चहा चाले, बिया फोडणं चाले, गरम टॉवेल प्रेक्षकांच्या डोक्यांवरून फेकले जात. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या, चिडीचूप प्रेक्षागृहात तीच कला वेगळीच वाटली असणार. तिथं दोन विद्यापीठीय संस्थांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ज्या जमातीच्या पोरांना परीक्षेलाही बसू देत नव्हते, त्यातला हा माणूस.

मॉस्कोत १९३५ मध्ये त्यांना स्तानिस्लाव्स्की भेटले. पाहायला मेयरहोल्ड, आयझेनश्टाइन हे रशियन दिग्दर्शक होते, आणि निर्वासित जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्तही. मेइ यांनी साध्या सुटात, रंगभूषेशिवाय, काही हालचाली करून दाखवल्या. नट पात्रात विरघळून न जाता पात्र दाखवतो आणि प्रेक्षक जागा राहतो, हे ब्रेख्तला तिथं दिसलं आणि त्यावर त्यानं लिहिलं. त्याच्या नाट्यविचारातली ही मोठी पायरी. पुढं तो विचार मराठीत आला, विजया मेहतांनी चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं ते ब्रेख्तच्या नाटकाचं रूपांतर, आणि त्या नाटकाची मूळ गोष्टही जुन्या चिनी नाटकातलीच. मला वाटतं ब्रेख्तनं अर्धंच पाहिलं. चिनी प्रेक्षक दूर बसून तपासत नाही. त्या व्याकरणात वाढलेला असल्यामुळे तो रडतो, बेहोश होऊन दाद देतो. पण अर्धवट समजुतीतूनही केवढी रंगभूमी उभी राहिली!

भारताशी त्यांची भेट त्याआधीच झाली होती. १९२४ च्या मे महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर बीजिंगमध्ये होते. मेइ यांनी खास त्यांच्यासाठी 'लो नदीची देवी' हा खेळ केला. रवींद्रनाथांनी खेळाची तारीफ केली आणि नेपथ्य मात्र फार सामान्य वाटलं, असंही मोकळेपणानं सांगितलं. मेइ यांनी नंतर ते बदललं. निरोप घेताना कवींनी पंख्यावर एक छोटी कविता लिहून दिली: मला न कळणाऱ्या भाषेच्या पडद्याआड तू आहेस, धुक्यामागच्या डोंगरासारखा, अशा अर्थाची.

मग युद्ध. १९३८ पासून मेइ हाँगकाँगमध्ये होते. १९४१ च्या अखेरीस जपान्यांनी हाँगकाँग घेतलं आणि त्यांनी मिशी वाढवली. आपल्याकडच्या जुन्या नाटकवाल्यांना या एका वाक्याचा अर्थ लगेच कळला असता. मिशीवाला दान गाऊ शकत नाही. शांघायला परतल्यावरही खेळ करण्यासाठी दबाव आलाच, तेव्हा त्यांनी विषमज्वराची लस टोचून घेऊन मुद्दाम सणसणून ताप आणला. कमाई बंद. चित्रं काढून विकली. घरात गळा तापवायचीही चोरी. १९४५ मध्ये जपान शरण आला, मिशी उतरली, पण इतक्या वर्षांच्या मौनानं वरचे सूर हरवले होते. म्हणून परतीचे पहिले खेळ त्यांनी कुनछू या जुन्या, बासरीच्या साथीच्या, खालच्या पट्टीतल्या प्रकारात केले. पन्नाशीतला गायक पुन्हा नाणी मोजायला बसला.

नव्या कम्युनिस्ट राजवटीत त्यांना मोठी पदं मिळाली. पण १९४९ मध्येच एक चटकाही बसला. जुनी कला कशी बदलावी असं विचारल्यावर ते म्हणाले होते, पाऊल पुढं टाकावं पण रूप मोडू नये. हे सुधारणेला विरोध करणारं मत ठरवलं गेलं आणि त्यांना ते मागं घ्यावं लागलं. 'पहुडलेल्या माशा'ची गोष्ट ज्याला कळली, त्याला त्या वाक्यात त्यांचं सगळं आयुष्य दिसेल. ते १९६१ मध्ये गेले, म्हणून पाच वर्षांनी सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीचा तडाखा त्यांना पाहावा लागला नाही. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचे हाल झाले, जुनी नाटकं दहा वर्षं बंद राहिली. त्यांचा धाकटा मुलगा मेइ बाओज्यू हाही दान नट. तो काळ सोसून २०१६ पर्यंत त्यानं वडिलांचं घराणं चालवलं. मुलगी मेइ बाओयुए मात्र दाढीवाल्या पुरुषांच्या भूमिका करायची. भाऊ राणी, बहीण सेनापती.

सरकारी शाळांत पुरुषांना दान शिकवणं पुढं थांबलं. आज मेइ घराण्याच्या बहुतेक कलावंत स्त्रियाच आहेत. पुरुषांनी पुरुषांच्या अंगावर बेतलेलं स्त्रीत्व त्या मुली आज सकाळी उठून घोटतात. त्यात त्यांना शिकावा लागतो तो मेइ यांच्या अखेरच्या नव्या नाटकातला एक प्रवेश.

हे नाटक १९५९ मधलं, मेइ तेव्हा ६५ व्या वर्षात. मू ग्वेयिंग ही वीर स्त्री दरबारावर रुसून वीस वर्षं घरी बसली आहे. शत्रू सीमेवर आलाय आणि सेनापतिपदाची मुद्रा तिच्या हातात येऊन पडते. घ्यायची की नाही? इथं गाणं घालणं सोपं होतं. मेइ यांनी गाणं थांबवलं. त्यांनी 'साडेनऊ ठोके' नावाचा झांजांचा ठेका घेतला, जो एरवी रणधुरंधर पुरुष पात्रांना वाजवतात, दानला कधीच नाही. शब्द नाही. फक्त तो चढत जाणारा ठेका, रंगमंचाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात झपझप जाणारी पावलं, दुरून युद्ध पाहणारी नजर, आणि पांढऱ्या जलबाहूंचा एक झटका. ३१ मे १९६१ ला बीजिंगमध्ये शास्त्रज्ञांसमोर त्यांनी हा खेळ केला. तो शेवटचा. ८ ऑगस्टला ते गेले.